न पिणाऱ्याचं लाल तोंड

माझं तोंड बरं झाल्यापासून लोक मला रस्त्यात थांबवून गोळीचं नाव विचारतात. सेक्टर सहाच्या बाजारात भाजी घेताना विचारतात, स्कूटरमध्ये हवा भरताना विचारतात, एकदा तर मयतीत विचारलं. "गजूभाऊ, तुमाले कोणती लागू पडली? जेल का गोळी? तीन दिवसवाली का रोजवाली?" आमच्या भिलाईची ही सवयच आहे. दवाखान्याच्या लाइनीत उभा माणूस आपला नंबर यायच्या आधी शेजाऱ्याची चिठ्ठी वाचून घेतो, आणि बाहेर आल्यावर दोघं आपापल्या गोळ्या तळहातावर घेऊन ताडून पाहतात. ज्याची महाग, त्याचा डॉक्टर हुशार.

म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. लेखणी हातात घेतली की मला मराठी शाळेतल्या बाईंचं मराठी येतं आणि तोंड उघडलं की घरचं, तेवढं सांभाळून घ्या. तिन्ही औषधं मी घेतली. तिन्हींचं काय झालं ते सांगतो, पण माझी गोळी ती तुमची गोळी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आणि माझ्या गोळीची गोष्ट सांगायची तर मायच्या दुधाच्या पेल्याची सांगावी लागते, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या घरातलं दूध

मी प्लांटमध्ये क्रेन चालवतो. खाली तापलेलं लोखंड सरकत असतं आणि वर केबिनमध्ये मी. दारूचा थेंब मी कधी शिवलेला नाही. कावून, म्हणजे का नाही शिवला, हे आमच्या लाइनीतल्या जुन्या क्वार्टरवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. माझे बाबा प्यायचे. भंडाऱ्याकडची शेती भावांच्या गळ्यात टाकून ते इथं प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारे मजूर, लागले, आणि भट्टीची ड्युटी संपली की चार दोस्तांबरोबर बसायचे. त्यांचं तोंड कायम लाल. पुढं पुढं तर नाक सुजून बटाट्यासारखं झालं होतं. मोहल्ल्यातली पोरं लांबून नाकावर मूठ ठेवून दाखवायची, आणि मी त्यांना बदडायचो.

मायनं भांडून पाहिलं, माहेरी जाऊन पाहिलं, शेवटी एक रीत धरली. रोज सकाळी ती बाबांसमोर स्टीलच्या पेल्यात थंड दूध ठेवायची. बोलायची काही नाही. दारूनं पोटात आग पडते, दुधानं ती विझते, असं तिच्या मायनं तिला सांगितलेलं. बाबा मुकाट प्यायचे. ज्या दिवशी आदल्या दिवसाची फारच झालेली असायची त्या दिवशी मात्र पेला हातानं सरकवायचे, आणि माय समजून जायची. आमच्या घरात दुधाचा पेला म्हणजे दूध नव्हतं. तो कोर्टाचा समन्स होता.

नंतर बाबा म्हणायला लागले, मी सोडली. गणपतीसमोर हात ठेवून म्हणाले. मायनं मानलं नाही, कारण तोंड तर लालच होतं. मी आयटीआय करत होतो तेव्हा ते गेले.

सुरुवात

माझी चाळिशी उलटली आणि गाल तापायला लागले. आधी फक्त ड्युटीनंतर. मग चहा घेतला की, ठेचा खाल्ला की, उन्हात सिग्नलला थांबलो की. मग लाली बसली ती उठेचना. वर बारीक पुटकुळ्या. शोभा, म्हणजे माझी बायको, आधी हसली, "या वयात पिंपल? कोन्या पोरीच्या मागं लागले तुमी?" नंतर तिचंही हसू गेलं.

शॉपमध्ये साहू माझा जोडीदार, खालून इशारे देणारा. छत्तीसगढी माणूस, तोंडाचा फाटका, मनाचा सोन्याचा. तो एक दिवस सगळ्यांसमोर ओरडला, "का भइया, बिहनिया-बिहनिया चढा डारे का?" म्हणजे सकाळी सकाळीच चढवली का. सगळे हसले. पण क्रेनवाल्याबद्दल असं बोललेलं इन्चार्जला हसण्यावारी नेता येत नाही. त्यानं मशीन मागवलं, मला फुंकायला लावलं. मशीनमध्ये काही निघालं नाही. साहू म्हणाला, "मशीन बिगड़े हे." पुन्हा सगळे हसले, मीही हसलो. शॉपमधलं मला काही वाटलं नाही. मशीन तरी माझ्या बाजूनं होतं.

घरी मशीन नव्हतं, माय होती. एकदा मी आंघोळ करून बाहेर आलो तर ती माझा ड्युटीचा शर्ट नाकाशी धरून उभी दिसली. मला पाहून तिनं तो बादलीत टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ताटलीशेजारी स्टीलचा पेला होता. दूध. थंड.

मी पेल्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. तिनं पोळी लाटता लाटता मान वर केली नाही.

"माय, हे कायले?"

"पे ना. दूधच हाय."

मी प्यालो. नाही म्हटलं असतं तर काय अर्थ निघाला असता, ते मला लहानपणापासून माहीत होतं. आणि भांडून सांगितलं असतं, तर बाबाही भांडूनच सांगायचे. घशाखाली जाताना ते दूध मला इतकं कडू लागलं की आजही सांगताना राग येतो. आयुष्यभर मी ज्या एका गोष्टीला हात लावला नाही तीच माझ्या तोंडावर लिहिलेली, आणि वाचणारी माझी माय.

निदान

मधल्या काळात मीही शहाणपणा केला. मेडिकलवाल्यानं एक छोटी ट्यूब दिली, "गोरं होते, दाग जाते." चार-सहा दिवस तोंड असं झकास झालं की मी साहूला आरसा दाखवला. मग थांबवली, तर आग. पुन्हा लावली तर बरं, थांबवली तर दुप्पट आग. शेवटी गालावर पाणी लागलं तरी मिरची लागल्यासारखं व्हायचं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, तेव्हा मात्र माझी टरकली. क्रेनवाल्याचे डोळे गेले म्हणजे सगळं गेलं.

कातडीच्या दवाखान्यात बंगाली मॅडम होत्या. त्यांनी पहिला प्रश्न केला, "शराब?"

मी उसळलो. "मॅडम, तुम्हीपण?"

त्या हसल्या. "पूछना पड़ता है. नहीं पीने वालों को भी होता है. इसको रोज़ेशिया बोलते हैं." मग ट्यूबचं नाव ऐकून हसू थांबलं आणि मला शाळेतल्या पोरासारखं झापलं. ती क्रीम तोंडाची नव्हतीच, तिनंच आगीत तेल ओतलं होतं. हा रोग मुळासकट जात नाही पण लगामात राहतो, डोळ्यांवरही लक्ष ठेवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. लोक अशा वेळी रडतात म्हणे. मी तर खूश झालो. माझ्या तोंडाला नाव मिळालं होतं, आणि ते नाव दारू नव्हतं.

घरी येऊन मायला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असा कोणता रोग रायते गा, का जो दारू न पेता दारुड्याचं तोंड करते? तुहा बापही रोज नवं सांगे."

सकाळी पेला होताच.

जेल, तीन दिवसवाली, रोजवाली

आता तुम्हाला पाहिजे ते.

पहिली जेल. सकाळ-संध्याकाळ पातळ लावायची. जळजळ जरा थांबली, पुटकुळ्या काही बसल्या. पण माझ्या ट्यूबनं आधीच इतका गोंधळ घालून ठेवला होता की एकट्या जेलच्या हातचं काम नव्हतं. सौम्य होती बिचारी. ज्याचं थोडक्यात आहे त्याचं तिच्यावर भागत असेल.

मग आठवड्यातून तीन दिवस घ्यायची गोळी. आपल्याकडं घसा दुखला की घेतात ना, तीच ती. हिनं लवकर गुण दाखवला, पण पोटाचं वाटोळं केलं. क्रेनच्या केबिनमधून मध्येच उतरून धावत जायचं म्हणजे काय, हे ज्याला वरून शिडी उतरावी लागते त्यालाच कळेल. साहू खालून विचारायचा, "अब का होगे भइया?" आणि गोळी थांबली की पुटकुळ्या पुन्हा हजर.

म्हणून तिसरी, रोजची कॅप्सूल. मॅडम म्हणाल्या, ही जंतू मारण्यापेक्षा सूज उतरवायला देते आहे, हळू चालते, धीर धरा. डोळ्यांनाही हिचा फायदा होईल. ऊन टाळा, हिनं ऊन जास्त लागतं. भरपूर पाण्याबरोबर घ्या. आणखीही काही सांगत होत्या, पण "धीर धरा" ऐकूनच मी उठलो होतो. चिठ्ठी हातात आली की आपले कान बंद होतात.

सकाळी नाश्त्याच्या वेळी कॅप्सूल घ्यायची, आणि समोर भरलेला काय होता, तर मायचा पेला. मी म्हटलं चला, एका कामात दोन कामं. गरम औषध, थंड दूध. शोभाही म्हणाली, बरं होईल, पोटाला त्रास नाही होणार. रोज एका घोटात कॅप्सूल आणि समन्स दोन्ही खाली. वरून छातीत जळजळ व्हायची म्हणून गॅसचं गुलाबी औषधही ढोसायचो.

तोंड जसंच्या तसं. आठवडे गेले. मी आरशाजवळ जाणं सोडलं. तोंड जोवर लाल तोवर माय मानणार नाही, आणि तोंड तर उतरत नाही. घरी चिडचिड इतकी वाढली की मुलगी माझ्याशी हिंदीत बोलायला लागली. ती रागावली की हिंदीत जाते. "पापा, आप दादी को कुछ बोलते क्यों नहीं?" काय बोलणार? पिऊन आलेला माणूस जे बोलतो, तेच न पिणाऱ्यालाही बोलावं लागतं. शब्द काही वेगळे नसतात.

पुढच्या खेपेला मॅडम औषध बदलायलाच निघाल्या होत्या. पेन उचललं आणि थांबल्या. "लेते कैसे हो?"

"दूध से, मॅडम."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "और?"

"और गैस का सिरप."

कपाळावर हात मारणं काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. दूध आणि गॅसचं औषध या कॅप्सूलला पोटातच धरून ठेवतात, रक्तात नीट जाऊच देत नाहीत. आणि मी रोज नेमानं, एकही खाडा न करता, दोन्ही घेत होतो. औषध वाईट नव्हतं. त्याला कामावर जाऊच दिलं नव्हतं. "कैप्सूल के समय दूध बिल्कुल नहीं," मॅडम म्हणाल्या, "पीना है तो शाम को पियो."

स्कूटरवर बसलो आणि किल्ली हातातच राहिली. माझं तोंड उतरावं म्हणून माय ज्या पेल्यानं आग विझवत होती, तोच पेला ते तोंड उतरू देत नव्हता. आणि आता मला तो नाकारायचा होता. आमच्या घरात पेला सरकवण्याचा एकच अर्थ होता.

सरकवलेला पेला

मी समजावून सांगितलं. सकाळी पेला ठेवण्याआधीच सांगितलं, हात जोडून सांगितलं. मायनं ऐकलं, तरी पेला ठेवलाच. मी तो हळूच बाजूला केला.

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते राग असता तर बरं झालं असतं. थकवा होता तो. "समजली मी," ती म्हणाली. "तुहा बापही असाच सरकवत जाय." पेला उचलला, मोरीत ओतला आणि देवघरासमोर जाऊन बसली. दूध वाया घालवताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

"संध्याकाळी पेतो ना माय," मी मागून म्हणालो. तिनं हातानंच राहू दे अशी खूण केली.

त्यानंतर पेला येणं बंद झालं. तुम्हाला वाटेल सुटलो. अजिबात नाही. समन्स येणं बंद होतं ते सुटल्यावर किंवा सजा झाल्यावर, आणि मला सजा झालेली होती. ती माझ्याशी जेवायला ये, ऊन लागन, एवढंच बोलायची.

शेवटी शोभा म्हणाली, "तुमच्या तोंडानं नाही मानत, मॅडमच्या तोंडानं आयकू द्या. गुडघे दाखवायले चला म्हणा, अन् तिकडूनच न्या." तसंच केलं. गुडघे दाखवून झाल्यावर मी मायला कातडीच्या खोलीत नेलं. तिला कळायचं ते कळलं. पण ती काही भित्री नाही. खुर्चीवर बसण्याआधीच तिनं आपल्या भिलाईच्या हिंदीत विचारलं, "बाई, सच्ची बोलो. ये पीता है का नहीं?"

"नहीं पीता, माताजी. ये बीमारी है."

"सब यहीच बोलते." असं म्हणून ती भिंतीकडं बघायला लागली.

भिंतीवर कातडीच्या रोगांची चित्रं होती. माझं लक्षच गेलं नव्हतं कधी, मला माझ्याच तोंडाची पडलेली. माय उठली, गुडघे धरत जवळ गेली. एका चित्रावर बोट ठेवलं. लाल गालांचा, सुजलेल्या नाकाचा म्हातारा. बटाट्यासारखं नाक.

"हे कोणाचं चित्र हाय?"

मॅडम म्हणाल्या, "यही बीमारी, माताजी. बहुत साल इलाज न हो तो कुछ लोगों की नाक ऐसी हो जाती है. लोग समझते हैं शराबी है."

"बिना पिये?"

"बिना पिये भी."

मायचं बोट तिथंच राहिलं. मग तिनं विचारलं, "इसके बाप की नाक ऐसीच थी. उसको यही था क्या?"

मॅडमनी चित्राकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "देखे बिना कैसे बोलूँ, माताजी? हो सकता है. पीते भी थे?"

"पीता था," माय म्हणाली. "फिर बोलता था, छोड़ दी."

बाहेरच्या बाकावर आमचा ऑटो येईपर्यंत ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मला जिंकायचं होतं ना, मी जिंकलो होतो.

आता

पाण्याबरोबर घेतलेली कॅप्सूल हळूहळू लागू पडली. पुटकुळ्या बसल्या, डोळ्यांतली वाळू गेली. गालांवर थोडी लाली आहे अजून, ती राहणार आहे, मॅडमनी तसं सांगितलंय. कॅप्सूल आता बंद आहे, जेल चालू आहे. डोक्यावर टोपी, चहा कोमट करून, ठेचा फक्त वासापुरता. साहू आता दुसऱ्यांना सांगतो, "हमर भइया ला रोग रिहिस, पियत नइ रिहिस," जसा काही तपास त्यानंच केला.

कोणती गोळी चांगली, हे मला विचारू नका. जेलनं माझं नुकसान केलं नाही, तीन दिवसवालीनं पोट बिघडवलं पण ती खोटी नव्हती, आणि रोजवालीला मीच बदनाम केलं होतं. मला विचारायचंच असेल तर हे विचारा, की कशाबरोबर घेतली. हेच डॉक्टरला विचारा. उठण्याआधी विचारा.

आणि मायचं. कॅप्सूल चालू होती तोवर ती रोज सकाळी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवायची, तोच स्टीलचा, काठोकाठ, आणि कॅप्सूल घशाखाली जाईपर्यंत उभी राहायची. "बसून पे. लगेच लेटू नको," मॅडमपेक्षा जास्त दरारा. एका सकाळी मी पेला रिकामा करून ठेवला, तरी ती हलली नाही.

"गजू."

"काय वं माय?"

"तुह्या बापानं खरंच सोडली असन, त मंग रोज माह्या हातचं दूध कावून पेत जाय गा तो? म्हणला असता एक दिवस, का नाही पेत म्हणून. भांडला असता. मुकाट्यानं कावून पेत जाय?"

मला टाळता आलं असतं. पण ती खरंच विचारत होती, उत्तर पाहिजे म्हणून विचारत होती.

"माय," मी म्हणालो, "मी कावून पेत होतो?"

तिनं रिकामा पेला उचलला आणि दोन्ही हातांत धरून तिथंच खाली बसली.